स्विफ्टबार : बसवण्यापासून बिघाडापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅकच्या वरच्या पट्टीत, घड्याळाच्या शेजारी आपल्याला हवी ती माहिती दाखवणारे स्विफ्टबार हे छोटे ॲप मी ओळखीच्या बऱ्याच जणांना बसवून दिले आहे. त्यानंतर त्यांचे जे निरोप येतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह मांडले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे अडलेल्यांसाठी.

एक सूचना आधीच. या पानावरच्या कमांड आणि फाइलची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मॅकवर टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत लिहायची आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे सगळी अक्षरे लहान लिपीतली घ्यावीत.

1. स्विफ्टबार नेमकं करतं तरी काय?

ते स्वतः जवळजवळ काहीच करत नाही, आणि हेच त्याचे बलस्थान आहे. तुम्ही एक फोल्डर ठरवून देता आणि त्यात छोट्या स्क्रिप्ट (कमांडच्या ओळी असलेल्या फाइल) ठेवता. स्विफ्टबार ठरावीक वेळाने प्रत्येक स्क्रिप्ट चालवते आणि तिने छापलेला मजकूर मेन्यू बारवर दाखवते. अशी प्रत्येक स्क्रिप्ट म्हणजे एक प्लगइन. बॅटरी किती उरली, सर्व्हर चालू आहे का, दुसऱ्या देशात किती वाजले, आज कोणती कामे बाकी आहेत, असे जे काही चार अक्षरांत छापता येईल ते पट्टीवर येऊ शकते.

प्लगइन म्हणजे मजकूर छापणारा साधा प्रोग्राम, एवढे पक्के ध्यानात ठेवा. खालच्या निम्म्या अडचणी त्यानेच सुटतात. जी स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये (मॅकवर कमांड टाइप करायच्या खिडकीत) नीट छापत नाही ती पट्टीवरही नीट दिसणार नाही.

2. बिटबार, एक्सबार, स्विफ्टबार… सगळं एकच का? यातलं कोणतं घेऊ?

कल्पना एकच, ॲप वेगवेगळी. बिटबार मॅट रायर यांचे. 2021 मध्ये त्यांनीच ते गो भाषेत नव्याने लिहून एक्सबार या नावाने आणले. स्विफ्टबार अलेक्स मझानोव्ह यांचे आहे आणि नावाप्रमाणे स्विफ्ट भाषेत लिहिलेले आहे. तिन्ही मोफत आहेत, त्यांचा स्रोत खुला आहे, आणि मजकूर लिहिण्याची पद्धत बहुतांशी सारखी आहे. त्यामुळे एकासाठी लिहिलेले साधे प्लगइन बहुधा दुसऱ्यावरही चालते.

माझा कौल स्विफ्टबारला आहे. वेळापत्रकाने चालणारी प्लगइन (प्रश्न 16), ॲपलची स्वतःची चिन्हे आणि नको त्या मेन्यू-ओळी लपवण्याची सोय (प्रश्न 17) ही त्याची कारणे. त्यासाठी मॅकओएस 10.15, म्हणजे कॅटालिना किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.

3. विंडोज किंवा लिनक्सवर चालेल का?

नाही, हे फक्त मॅकसाठी आहे. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर आर्गोस नावाचे एक्स्टेन्शन याच पद्धतीने चालते, आणि केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपसाठी कार्गोस आहे. आर्गोसमध्ये फाइलच्या नावात वेळेबरोबर पट्टीवरची जागाही सांगता येते. त्यामुळे मॅकवरची फाइल उचलून तिथे ठेवली तर एवढा फरक तपासून पाहा.

4. बसवायचं कसं?

होमब्रू (कमांडने ॲप बसवणारे मोफत साधन) असेल तर टर्मिनलमध्ये एकच ओळ पुरते: ब्रू इन्स्टॉल स्विफ्टबार. होमब्रू नसेल तर गिटहब या प्रोग्राम साठवण्या-वाटण्याच्या संकेतस्थळावरील स्विफ्टबारच्या प्रकल्पातून ताज्या आवृत्तीची झिप फाइल उतरवा, ती उघडा आणि आतले ॲप ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ओढून टाका.

पहिल्यांदा उघडताना मॅक विचारतो की हे इंटरनेटवरून उतरवलेले आहे, उघडू का? अधिकृत जागेवरून घेतले असेल तर होकार द्या. नंतर सेटिंगमध्ये जाऊन लॉगइनबरोबर सुरू होण्याचा पर्याय चालू करा. तो विसरला की मॅक बंद करून चालू केल्यावर सगळी चिन्हे नाहीशी होतात, आणि मला निरोप येतो की ॲप बिघडले!

5. उघडल्या उघडल्या फोल्डर मागतं. कोणतं द्यायचं?

नवे, रिकामे फोल्डर. तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘प्लगइन्स’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव देऊन, मध्ये जागा न सोडता एक फोल्डर तयार करा आणि तेच दाखवा. नावात जागा असली तरी ॲप चालते, पण पुढे स्क्रिप्टमध्ये तो पत्ता लिहिताना अवतरणचिन्हे घालायला लोक विसरतात आणि तासभर वाया जातो.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स टाळा. कॅटालिनापासून या तिन्ही जागांसाठी मॅक प्रत्येक ॲपकडून वेगळी परवानगी मागतो. डाउनलोड्स तर अजिबात नको. तिथे पडलेली प्रत्येक फाइल स्विफ्टबार प्लगइन समजेल. असे का, ते प्रश्न 13 मध्ये आहे.

6. मला प्रोग्रामिंग येत नाही. अगदी पहिलं प्लगइन कोणतं करू?

घड्याळ करा. परदेशात राहणाऱ्यांना मी भारतातल्या वेळेचे प्लगइन सुचवतो. लंडन आणि पुण्यातला फरक हिवाळ्यात साडेपाच तास असतो आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिकडे घड्याळे पुढेमागे होतात आणि इकडे होत नाहीत. आईला फोन करायच्या आधी दरवेळी हा हिशेब मनात करण्यापेक्षा पट्टीवर नजर टाकणे सोपे.

साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये या दोन ओळी लिहा:

#!/बिन/बॅश
टीझेड=एशिया/कोलकाता डेट +%एच:%एम

पहिल्या ओळीत सगळी अक्षरे लहान. दुसऱ्या ओळीत ‘टीझेड’ची दोन्ही अक्षरे मोठी, ‘एशिया’ आणि ‘कोलकाता’ यांचे पहिले अक्षर मोठे, ‘डेट’ लहान, आणि शेवटचे एच व एम मोठे. एम लहान पडला तर मिनिटांऐवजी महिना छापला जातो, आणि घड्याळ महिनाभर एकाच मिनिटावर अडकल्यासारखे दिसते. भारताच्या वेळेचे अधिकृत नाव कोलकात्यावरून आहे. मुंबई किंवा पुणे लिहून चालत नाही.

फाइलला नाव द्या: वेळ.10एस.एसएच, अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि ती प्लगइनच्या फोल्डरमध्ये ठेवा. काही क्षणांत वेळ पट्टीवर येईल.

7. फाइलच्या नावात मधे ते 10एस, 5एम काय असतं?

प्लगइन किती वेळाने पुन्हा चालवायचे ते. नावाचे तीन भाग टिंबांनी जोडलेले असतात: नाव, कालावधी, भाषेचा प्रकार. कालावधीत एस म्हणजे सेकंद, एम म्हणजे मिनिटे, एच म्हणजे तास, डी म्हणजे दिवस. 5एम म्हणजे दर पाच मिनिटांनी.

आकडा इंग्रजीच हवा. मराठी कीबोर्ड चालू असताना नाव बदलले तर ‘५’ उमटतो आणि कालावधी ओळखला जात नाही. कालावधी लिहिलाच नाही तर प्लगइन आपोआप ताजे होत नाही, मेन्यूतून हाताने ताजे करावे लागते. क्वचित पाहायच्या गोष्टीसाठी तेही ठीक आहे. कालावधी किती ठेवावा, याबद्दल प्रश्न 14 पाहा.

8. मेन्यूत रेघा, उपमेन्यू, रंग कसे आणायचे?

छापलेल्या मजकुरातल्या खुणांनी. पहिल्या --- ओळीच्या वर जे असेल ते पट्टीवर दिसते, खाली असेल ते क्लिक केल्यावर उघडणाऱ्या मेन्यूत येते. त्यानंतरची प्रत्येक --- ही मेन्यूतली आडवी रेघ. ओळीच्या सुरुवातीला -- घातले की ती ओळ वरच्या ओळीच्या उपमेन्यूत जाते. आणखी एक जोडी घातली तर उपमेन्यूच्याही आत.

पहिल्या --- च्या वर एकापेक्षा जास्त ओळी असतील तर त्या पट्टीवर आळीपाळीने दिसतात. हे अनेकांना माहीत नसते, आणि ‘माझं प्लगइन आपोआप बदलतंय’ असा प्रश्न येतो. असे आळीपाळीने बदलायला नको असेल तर एक ओळ वर ठेवा, बाकीच्या खाली न्या.

सजावट उभ्या रेघेनंतर, म्हणजे | या पाइपच्या पुढे लिहायची: कलर= ने रंग, साइझ= ने आकार, फॉन्ट= ने अक्षरवळण, एचरेफ= ने दुवा. रंग स्वल्पविरामाने दोन देता येतात, पहिला उजळ रूपासाठी आणि दुसरा गडद रूपासाठी. माझा सल्ला असा की रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवा. सगळेच लाल-हिरवे असेल तर खरोखर काही बिघडले तेव्हा डोळा तिकडे जात नाही.

मॅकओएस 11 पासून ॲपलची स्वतःची चिन्हेही वापरता येतात. चिन्हाचे नाव दोन अपूर्णविरामांच्या मध्ये लिहिले की मजकुराच्या जागी चिन्ह उमटते.

9. ओळीवर क्लिक केल्यावर काहीतरी काम झालं पाहिजे. ते कसं?

त्या ओळीत पाइपनंतर बॅश= लिहून चालवायच्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या. त्या प्रोग्रामला आणखी काही सांगायचे असेल तर परॅम1=, परॅम2= असे क्रमाने. टर्मिनल=फॉल्स लिहायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक क्लिकला टर्मिनलची खिडकी उघडेल. काम झाल्यावर मेन्यू ताजा व्हायला हवा असेल तर रिफ्रेश=ट्रू.

सगळी कमांड बॅश= च्या पुढे एकाच दमात लिहिणे ही नेहमीची चूक आहे. तिथे फक्त प्रोग्रामचा पत्ता लिहायचा, बाकी प्रत्येक शब्द वेगळ्या परॅममध्ये. एखाद्या शब्दात जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत ठेवा. तीनपेक्षा जास्त परॅम लागू लागले की मी ती कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये नेतो आणि इथे फक्त तिचा पत्ता देतो.

10. टर्मिनलमध्ये व्यवस्थित चालतं, पट्टीवर मात्र ⚠️ दिसतं. असं का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. कारण असे की टर्मिनलमधले वातावरण आणि स्विफ्टबारमधले वातावरण एक नाही. टर्मिनल उघडले की तुमच्या झेडशेलच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग फाइल वाचल्या जातात. स्विफ्टबार मात्र सहसा बॅश या तशाच दुसऱ्या प्रोग्राममार्फत स्क्रिप्ट चालवते, आणि तुमची झेडशेलची फाइल बॅशला माहीतच नसते. आधी ⚠️ वर क्लिक करून त्रुटीचा मजकूर वाचा. बहुतेक वेळा ‘कमांड नॉट फाउंड’ लिहिलेले असते.

म्हणजे प्रोग्राम आहे, पण कुठे शोधायचा ते स्क्रिप्टला कळत नाही. होमब्रू ॲपल चिपच्या मॅकवर आपली अवजारे /ऑप्ट/होमब्रू/बिन मध्ये ठेवतो, आणि इंटेलच्या मॅकवर /यूएसआर/लोकल/बिन मध्ये. म्हणूनच जुन्या मॅकवर चालणारे प्लगइन नवा मॅक घेतल्यावर अचानक बंद पडते. उपाय एका ओळीचा आहे. स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीवर हे घाला:

एक्स्पोर्ट पाथ="/ऑप्ट/होमब्रू/बिन:/यूएसआर/लोकल/बिन:$पाथ"

इथे ‘पाथ’ दोन्ही ठिकाणी मोठ्या अक्षरांत. दोन्ही पत्ते लिहिलेत तर स्क्रिप्ट दोन्ही प्रकारच्या मॅकवर चालेल.

पायथनचे दुखणे थोडे वेगळे. पहिल्या ओळीत एनव्ही (प्रोग्राम शोधून चालवणारी कमांड) वापरून पायथन3 मागवला असेल, तर जो पायथन आधी सापडेल तो चालतो. टर्मिनलमध्ये तो होमब्रूचा असतो, पट्टीवर ॲपलच्या डेव्हलपर टूल्सचा. तुम्ही पिपने (पायथनचे जोड बसवणाऱ्या कमांडने) बसवलेली पॅकेजे एकाकडे असतात, दुसऱ्याकडे नसतात, आणि ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येते. अशा वेळी पहिल्या ओळीत नेमक्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरत असाल तर तिच्या आतल्या पायथनचा.

एवढ्यानेही भागले नाही तर दोन गोष्टी पाहा. स्क्रिप्ट ‘इथल्याच फोल्डरमधली’ फाइल वाचू पाहते का? पट्टीवरून चालताना ‘इथले फोल्डर’ भलतेच असू शकते, म्हणून पूर्ण पत्ता द्या. किंवा ती डॉक्युमेंट्समध्ये डोकावते का? टर्मिनलला ती परवानगी मिळालेली असते, स्विफ्टबारला नसते. ती सिस्टिम सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या विभागात द्यावी लागते.

11. पाहून पाहून जसंच्या तसं टाइप केलं, तरी चालत नाही. आता?

मग दिसायला सारखी, पण वेगळी असलेली अक्षरे शोधा. मॅकचा टेक्स्टएडिट सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतो आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो. ती लांब रेघ म्हणजे --- नव्हे. टेक्स्टएडिटच वापरायचा असेल तर आधी साध्या मजकुराचा प्रकार निवडा आणि हे ‘स्मार्ट’ बदल बंद करा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास सापळा आहे दंडाचा. मराठी कीबोर्डवरून उमटणारा दंड (।) आणि पाइप (|) डोळ्यांना जवळपास सारखे दिसतात. संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. दंडानंतर लिहिलेला रंग लागू होत नाही, ती सजावट जशीच्या तशी मेन्यूत दिसते. एका वाचकाची अख्खी फाइल मी वाचून काढली होती, दोष याच एका अक्षरात निघाला.

विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक अदृश्य जादा अक्षर असते, त्यामुळे पहिल्याच ओळीवर ‘बॅड इंटरप्रिटर’ येते. एडिटरमध्ये ओळींचा शेवट युनिक्स पद्धतीचा करून फाइल पुन्हा साठवा. फाइलला चालवण्याची परवानगी स्विफ्टबार सहसा स्वतः देते. एक्सबारमध्ये मात्र ती सीएचमॉड +एक्स या कमांडने हाताने द्यावी लागते.

मजकुरातच पाइप आला तरीही घोळ होतो. बातम्यांची शीर्षके दाखवणाऱ्या प्लगइनमध्ये हे हमखास घडते, कारण शीर्षक आणि संकेतस्थळाचे नाव यांच्यामध्ये अनेकदा पाइप असतो. छापण्याआधी तो बदलून टाका. आणि इथे मात्र दंड उपयोगी पडतो!

12. मराठी मजकूर दाखवला की शेवटी चौकोन किंवा अर्धवट अक्षर येतं. काय करू?

मजकूर कुठेतरी अक्षराच्या मधोमध कापला जातो आहे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. टर्मिनल भाषेची सेटिंग स्वतः लावून देते, पट्टीवरून चालणाऱ्या स्क्रिप्टला ती मिळेलच असे नाही. ती नसली की बॅश अक्षरांऐवजी बाइट मोजतो. ‘पहिली दहा अक्षरे घे’ म्हटले की तो दहा बाइट घेतो, म्हणजे तीन चिन्हे आणि चौथ्याचा एक तुकडा. तोच तुकडा तुम्हाला चौकोन होऊन दिसतो.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला लँग ही सेटिंग (मोठ्या अक्षरांत) इंग्रजी यूटीएफ-8 अशी एक्स्पोर्ट केली की चौकोन जातो. पण प्रश्न पूर्ण सुटत नाही. आता बॅश चिन्हे मोजतो, अक्षरे नव्हे. ‘पुस्तक’ हा शब्द त्याच्या लेखी सहा चिन्हांचा आहे: प, उकार, स, हलन्त, त, क. चारवर कापला तर ‘पुस्’ उरते. मराठीला अक्षर म्हणून जे कळते ते या जुन्या अवजारांना कळत नाही, आणि आपल्या भाषेत काम करणाऱ्याला हे दरवेळी सांभाळावे लागते.

म्हणून बॅशमध्ये कापूच नका. पूर्ण मजकूर छापा आणि पाइपनंतर लेंग्थ=20 असे द्या. मग कापण्याचे काम स्विफ्टबारकडे जाते, आणि स्विफ्ट भाषा मजकूर अक्षरगटांनी मोजते, त्यामुळे मात्रा सुटी पडत नाही.

मेन्यूत मराठी आणि आकडे यांचे रकाने एका रेषेत आणण्याचा हट्ट सोडावा. मेन्लोसारख्या समान रुंदीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मॅक तेवढ्यापुरता कोहिनूर देवनागरीसारखा दुसरा फॉन्ट घेतो आणि रकाने हलतात. नाव एका ओळीत, आकडा उपमेन्यूत, असे केले की वाचायला सोपे जाते.

13. चिन्हच दिसत नाही, किंवा नको ती चिन्हे दिसतात.

आधी न दिसण्याचे. 2021 च्या 14 आणि 16 इंची मॅकबुक प्रोपासून पडद्याच्या वर मध्यभागी कॅमेऱ्याची खाच आली. चिन्हे जास्त झाली की मावत नाहीत ती काही न सांगता गायब होतात. कमांड की दाबून धरत चिन्हे ओढली की त्यांचा क्रम बदलतो. महत्त्वाची उजवीकडे, घड्याळाजवळ आणा. शीर्षके आखूड करा. ज्या ॲपचा मेन्यू लांबलचक असतो ते समोर असताना जागा आणखी घटते, हेही लक्षात असू द्या.

खाच नसलेल्या मॅकवरही दिसत नसेल, तर स्क्रिप्टने काही छापले का ते पाहा. काहीच छापले नाही तर स्विफ्टबार ते चिन्ह लपवते. हा दोष नाही, सोय आहे. सर्व्हर नीट असताना गप्प राहणारे आणि पडला तरच दिसणारे प्लगइन याच आधारावर लिहिता येते, आणि माझ्या मते तेच सर्वांत चांगले प्लगइन.

आता नको त्या चिन्हांचे. प्लगइनच्या फोल्डरमध्ये आणि त्याच्या आतल्या फोल्डरांमध्येही असलेली प्रत्येक फाइल स्विफ्टबार प्लगइन म्हणून चालवू पाहते, मग ती माहितीची फाइल असो वा चित्र. ⚠️ ची रांग लागते ती त्यामुळे. मदतीच्या फाइल नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, तिकडे ते पाहत नाही. किंवा .स्विफ्टबारइग्नोर नावाची फाइल करून तिच्यात वगळायची नावे लिहा.

14. यामुळे मॅक संथ होईल का? बॅटरी खाईल का?

स्विफ्टबार हलके आहे, भार पडतो तो प्लगइनचा. दर पाच सेकंदांनी चालणारी दहा प्लगइन म्हणजे तासाला 7,200 वेळा प्रोग्राम सुरू होऊन बंद होणे. ज्या गोष्टीसाठी तुम्ही दर मिनिटाला पट्टीकडे पाहत नाही, ती दर मिनिटाला ताजी करून काय मिळते? हवामानाला अर्धा तास पुरतो, बॅटरीला दोन मिनिटे.

इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या प्लगइनबाबत आणखी जपावे लागते. गिटहबकडे ओळख न देता तासाला 60 विचारणा करता येतात, आणि त्या इंटरनेट पत्त्यागणिक मोजल्या जातात. दर 30 सेकंदांचे प्लगइन तासाला 120 वेळा विचारते, म्हणजे अर्ध्या तासात कोटा संपला. ऑफिसात सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच असतो, तेव्हा तुमच्या प्लगइनचा फटका शेजारच्यालाही बसतो. मी पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी अशाच एका प्लगइनमुळे अर्धी दुपार सगळ्यांची कामे अडली होती. टोकन (पासवर्डसारखी ओळख पटवणारी खूण) देऊन विचारणा केली तर मर्यादा तासाला 5,000 होते. ते टोकन कुठे ठेवायचे, ते पुढच्या उत्तरात आहे.

15. लोकांची तयार प्लगइन सुरक्षित असतात का? आणि पासवर्ड, टोकन कुठे ठेवू?

हे उत्तर मन लावून वाचा. प्लगइन तुमच्या नावाने आणि तुमच्या अधिकाराने चालते. तुम्ही जे वाचू शकता ते ते वाचू शकते, जे पुसू शकता ते पुसू शकते, आणि तुम्हाला न विचारता बाहेर पाठवूही शकते. तयार प्लगइनचा मोठा साठा गिटहबवर आहे आणि त्यात उत्तम कामे आहेत. तरीही फाइल उघडून वाचल्याशिवाय फोल्डरमध्ये टाकू नका. बहुतेक प्लगइन शंभर-दोनशे ओळींचीच असतात. कोणत्या पत्त्यावर माहिती जाते, काही पुसले जाते का, आणि कुठे न वाचता येणारी लांबलचक अक्षरांची माळ आहे का, एवढे नवख्यालाही पाहता येते. समजले नाही तर जाणकाराला दाखवा. चित्रासाठी अशी माळ असणे नेहमीचे आहे, पण ती चित्र म्हणूनच वापरली जाते ना, हे पाहायला हवे.

टोकन स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नका. आज ना उद्या तुम्ही ती फाइल कोणालातरी पाठवणार, आणि टोकन तिच्याबरोबर जाणार. मॅकच्या कीचेनमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या सुरक्षित साठ्यात, ठेवा. सेक्युरिटी या कमांडने ते साठवता येते आणि स्क्रिप्टमधून सेक्युरिटी फाइंड-जेनेरिक-पासवर्ड -एस नाव -डब्ल्यू असे मागवता येते. हेही अभेद्य नाही, कारण याच कमांडने साठवलेली नोंद दुसरी स्क्रिप्टही याच कमांडने वाचू शकते. म्हणून टोकनला अधिकार कमीत कमी द्या. माहिती वाचायची असेल तर फक्त वाचण्याचा.

सुडो, म्हणजे मॅकचे सर्वाधिकार, लागणारे प्लगइन मी कोणालाच बसवून देत नाही.

16. रोज सकाळी नऊलाच चालवायचं आहे. किंवा सतत चालू ठेवायचं आहे. जमेल?

दोन्ही जमते. ठरलेल्या वेळेसाठी स्क्रिप्टच्या वरच्या भागात टिप्पणीच्या ओळीत लिहा: # <स्विफ्टबार.शेड्यूल>0 9 * * 1-5</स्विफ्टबार.शेड्यूल>. ही क्रॉन या युनिक्समधल्या वेळापत्रकाच्या साधनाची पद्धत आहे: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. वरच्या ओळीचा अर्थ सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ.

सतत चालणाऱ्यासाठी <स्विफ्टबार.टाइप> मध्ये स्ट्रीमेबल लिहायचे. अशी स्क्रिप्ट एकदाच सुरू होते आणि चालूच राहते. नवा मजकूर द्यायच्या आधी ती ~~~ ही ओळ छापते, आणि स्विफ्टबार जुना मेन्यू पुसून नवा लावते. गप्पांच्या निरोपांसारखी केव्हाही येणारी माहिती दाखवायला हे योग्य. साध्या कामासाठी वापरू नका, स्क्रिप्ट मध्येच मेली तर पट्टीवर शिळी माहिती राहण्याचा धोका असतो.

17. प्रत्येक मेन्यूच्या तळाशी ‘शेवटचे ताजे केले’, ‘टर्मिनलमध्ये चालवा’ वगैरे ओळी येतात. त्या काढता येतील?

येतील. प्रश्न 16 प्रमाणेच टिप्पणीत स्विफ्टबार.हाइडअबाउट, हाइडरनइनटर्मिनल, हाइडलास्टअपडेटेड, हाइडडिसेबलप्लगइन आणि हाइडस्विफ्टबार यांपुढे ट्रू लिहा. ‘हाइड’नंतरच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे हवे. लपवलेल्या ओळी पुन्हा लागल्या तर ऑप्शन की दाबून चिन्हावर क्लिक करा. प्लगइन तयार करत असताना मात्र त्या राहू द्या. ‘टर्मिनलमध्ये चालवा’ ही दोष शोधण्याची सर्वांत जलद वाट आहे.

18. जुनी बिटबारची प्लगइन चालत नाहीत. का?

बहुधा भाषा मॅकमधून गेली आहे. मॅकओएस 12 मध्ये ॲपलने पीएचपी काढून टाकले आणि 12.3 मध्ये पायथन 2. त्या काळची कितीतरी प्लगइन यांतच लिहिलेली आहेत. पीएचपी होमब्रूने बसवता येते (मग प्रश्न 10 मधली पाथची ओळ लागेल). पायथन 2 मात्र पुन्हा बसवू नका. त्याची देखभाल 2020 मध्येच थांबली आहे. प्लगइन पायथन 3 मध्ये आणा. बहुतेक वेळा छापण्याच्या ओळींना कंस घालणे आणि इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या ओळी बदलणे एवढेच काम असते.

19. दुसऱ्या ॲपमधून किंवा शॉर्टकटमधून प्लगइन ताजं करता येईल?

हो. स्विफ्टबारचे स्वतःचे दुवे आहेत: स्विफ्टबार://रिफ्रेशप्लगइन?नेम= आणि पुढे प्लगइनचे नाव. सगळी एकदम ताजी करायची तर स्विफ्टबार://रिफ्रेशऑलप्लगइन्स. टर्मिनलमधून ओपन कमांडला हा दुवा अवतरणचिन्हांत द्या, कारण उघड्या प्रश्नचिन्हाचा अर्थ झेडशेल वेगळा लावतो. फाइल साठवली, बॅकअप संपला, की त्याच क्षणी पट्टी ताजी करता येते. मग दर मिनिटाला विचारत बसायची गरजच राहत नाही.

20. नव्या मॅकवर सगळं कसं न्यायचं? आणि नकोच झालं तर काढायचं कसं?

प्लगइनचे फोल्डर कॉपी करा, नव्या मॅकवर स्विफ्टबार बसवा आणि तेच फोल्डर दाखवा. कीचेनमधली टोकने वेगळी साठवावी लागतील. इंटेलवरून ॲपल चिपवर जात असाल तर जाण्याआधीच पाथची ओळ दुरुस्त करून ठेवा.

एखादेच प्लगइन नको असेल तर सेटिंगमधल्या यादीत ते बंद करा, फाइल पुसायची गरज नाही. ॲपच काढायचे असेल तर होमब्रूने बसवलेले ब्रू अनइन्स्टॉल स्विफ्टबार ने जाते, हाताने बसवलेले कचरापेटीत टाकून. तुमचे प्लगइनचे फोल्डर दोन्ही वेळा जागेवरच राहते. ते तुमचे लिखाण आहे, म्हणून ठेवायचे की पुसायचे ते तुम्हीच ठरवा. पुसणार असाल तर आत लपलेले टिंबाचे फोल्डरही पाहून घ्या. फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबले की ते दिसते.